तुम्ही विचारलंत म्हणून: फॉरवर्डचा बॅक कसा झालो

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी एक प्रश्न मला चुकत नाही: "फुटबॉलमध्ये तुम्ही तर फॉरवर्ड, पुढं गोल मारणारे; मग बॅकला, मागं बचावाला कसे गेलात?" विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा सोबत आणलेले असते. पाय गेला म्हणून तालमीने (आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच) मागे ढकलले, असे ते उत्तर. त्यातला क्रम चुकीचा आहे, आणि इतकी वर्षे मान डोलावून गप्प राहिल्यावर तो एकदा नीट लिहून ठेवावा असे वाटते.

आधी फळा, मग पाय.

२०१९ चा तो पावसाळा. १ जूनपासून गोल किकचा, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, नियम बदलला होता. तोवर चेंडू गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय कुणाला खेळता येत नसे. आता गोलकीपर तिथेच उभ्या असलेल्या बॅकला छोटा पास देऊ शकत होता. हा बदल मी वाचला होता आणि तो आपल्याशी संबंधित नाही असे ठरवून विसरलोही होतो. मग ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तालमीची सगळी पोरे पूरग्रस्तांच्या मदतीला लागली आणि सरावाचा विषय कुणी काढला नाही. त्याच मोकळ्या दिवसांत आमच्या प्रशिक्षकांनी नव्या हंगामाचा संघ कागदावर बांधला.

सप्टेंबरच्या मध्यावर तालमीत बैठक झाली. आखाड्यातली लाल माती अजून ओली होती आणि तिचा वास खोलीभर पसरला होता. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने अकरा नावे लिहिलेली होती. मी सवयीने वरच्या टोकाला पाहिले, तिथे माझे नाव नव्हते. मधल्या ओळीत पाहिले, बाजूला लिहिलेल्या राखीव खेळाडूंतही पाहिले. शेवटी ते सापडले ते अगदी खाली, गोलकीपरच्या नावाला लागून. तिथे आधी दुसऱ्याचे नाव असावे, कारण पुसलेल्या खडूच्या पांढुरक्या डागातून त्याचे पहिले अक्षर अजून ओळखू येत होते. "मागं खेळायचं यंदा," सर म्हणाले. "तुझ्या पायात बॉल राहतो. कीपर तुलाच देणार." मी "बरं, सर" म्हणालो. शेजारी बसलेल्या पोरांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिले नाही आणि ते मला अजून आठवते.

सरांनी मला आधी एकट्याला बोलावून सांगायला हवे होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. आठ हंगाम पुढे खेळलेल्या माणसाला फळ्यावरून कळावे, हे योग्य नव्हते. पण मीही त्यानंतर एकदाही त्यांच्याकडे जाऊन विचारले नाही. विचारायच्या ऐवजी मी रोज पहाटे अंधारात, कुणाला न सांगता, रंकाळ्याभोवती धावू लागलो. दम वाढवून दाखवला की सर आपले नाव पुन्हा वर लिहितील, अशी माझी समजूत होती. त्या सहा-सात आठवड्यांत मी मैलोगणती धावलो, पण जीव तोडून मारलेली तीस मीटरची धाव एकही नव्हती. फुटबॉलपटूची मांडी ज्या झटक्याने फाटते तो झटका संथ धावण्यात येतच नाही, हे मला पुढे फिजिओथेरपिस्टने समजावले. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकण्याचा जो व्यायाम त्यांनी दिला, तो नेमाने केल्यास हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, दुखापती साधारण निम्म्याने कमी होतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. तो मी त्या पावसाळ्यात एकदाही केला नव्हता.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या सराव सामन्यात मला डावीकडे मागे उभे केले होते. विसाव्या मिनिटाच्या आसपास आमच्याच मुलाने पुढे लांब चेंडू टाकला. तो माझा नव्हता, तरी मी जागा सोडून धावलो. मागून कुणी मांडीवर दगड मारल्यासारखे झाले आणि मी वळून पाहिले, तर मागे कुणीच नव्हते. म्हणजे पाय गेला म्हणून मी बॅक झालो नाही, बॅक व्हायचे नव्हते म्हणून माझा पाय गेला. हे वाक्य आजवर कुणापुढे बोललो नव्हतो.

जानेवारीत परतलो तो बॅक म्हणूनच. डीमध्ये, म्हणजे आपल्याच पेनल्टी क्षेत्रात, चेंडू पायाशी धरला की पायऱ्यांवरून "मार की पुढं!" अशी आरोळी यायची आणि तरीही तो न मारण्यातली मजा मला हळूहळू कळू लागली. तेवढ्यात मार्चमध्ये कोरोनाने सगळे थांबवले. तेव्हाचा मी आज भेटला तर म्हणेल की तू हार मानलीस आणि पुढे तिलाच शहाणपण म्हणू लागलास. त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नाही. सरांचा हिशेब बरोबर होता हे मी मान्य करतो, पण स्वप्नात मी अजूनही पुढेच खेळतो.

आता मी तालमीच्या लहान गटाला शिकवतो. गेल्या जूनमध्ये एका सोळा वर्षांच्या फॉरवर्डला मागे घ्यायचे ठरले, तेव्हा फळ्याच्या आधी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला, मी सगळी कारणे समजावून सांगितली, गोल किकचेही सांगितले. तो "बरं, सर" म्हणाला. नंतर आठवडाभर तो सरावाला आला नाही, आणि रंकाळ्यावर पहाटे एकटाच धावताना दिसतो असे मला दुसऱ्या मुलांकडून कळले.