एकादशी आणि बुधवार

बुधवार, १७ जुलै २०२४
आषाढी एकादशी

यंदा एकादशी बुधवारी आली आणि बुधवार हा अण्णांचा मशीनचा वार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास डायलिसिस. कॅलेंडरवर हे महिनाभर आधीपासून दिसत होतं, पण घरात कुणी विषय काढला नाही. काल रात्री अण्णाच म्हणाले, "उद्या उपास हाय माझा. शेंगदाणं-बटाटं नगं, तेवढं ध्यानात ठेव." म्हणजे उपासही धरायचा आणि पथ्यही पाळायचं.

किडन्या गेलेल्या माणसाला पोटॅशियम सोसत नाही आणि आपला फराळ बघावा तर सगळा त्याचाच. बटाटा, रताळं, शेंगदाणा, केळं, खजूर, वर शहाळं. आहाराच्या बाईंनी पहिल्या दिवशी 'हे खायचं नाही' म्हणून यादी दिली, तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, ह्ये तर एकादशीचंच ताट हाय की!" तेव्हापासून आमच्याकडे नुसती भगर असते. कूट नाही, आमटी नाही, जिरं-मिरचीची फोडणी आणि नावाला मीठ. बटाट्याच्या दोन फोडी हव्याच असतील तर सोलून, बारीक चिरून, पाण्यात भिजत ठेवायच्या. ते पाणी ओतून द्यायचं, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि तेही पाणी ओतून द्यायचं. उरतं त्याला आम्ही बटाटा म्हणतो. पाणी दिवसाला एक लिटर. सकाळी बाटली भरून ठेवायची आणि काय लागेल ते त्यातूनच. पूजेनंतरचं तीर्थसुद्धा आई त्या बाटलीतल्या पाण्याचंच करते. आज अण्णांनी हात पुढे केला, तिने एक पळी घातली, त्यांनी डोळे मिटून घेतलं आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला. थेंबही वाया गेला नाही.

आम्ही लोणंदकडचे. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते ती आमच्याच वाटेने. अण्णांनी ३१ वाऱ्या चालून केल्या. २०२० साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा वारी सगळ्यांचीच चुकली होती, त्यामुळे ते दुःख वाटून घेता आलं. पुढच्या एप्रिलमध्ये दादा गेला. बेड मिळाला तो तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या तालुक्यात. त्याबद्दल मी इथे आधी लिहिलंय, पुन्हा लिहिणार नाही.

पण त्या संध्याकाळचं कधी लिहिलं नव्हतं. आम्ही स्मशानातून आलो. आंघोळी झाल्या. आई भिंतीला टेकून बसली होती, वहिनीला शेजारणीने धरून ठेवलं होतं. दिवेलागणीला अण्णा ओसरीवर नेहमीच्या जागी बसले आणि त्यांनी हरिपाठ सुरू केला. टाळ घेतले नाहीत, नुसते शब्द. सत्तावीसच्या सत्तावीस अभंग, एकही गाळला नाही. मला इतका संताप आला की मी आत जाऊन दार लावून घेतलं. पुढे कितीतरी दिवसांनी विचारलं, "अण्णा, त्या दिवशी कसं म्हणवलं तुम्हाला?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसरं काय येतंय मला?"

मी तेव्हा हे उत्तर टाळाटाळीचं समजले होते.

वर्षभराने साखरेने किडन्या खाल्ल्या. पहिल्यांदा मानेत नळी घालायची होती, तेव्हा तुळशीची माळ आड आली. माळकऱ्याच्या गळ्यातून माळ काढायची म्हणजे काय, हे त्या पोरगेल्या डॉक्टरला कसं समजावायचं! अण्णा काही बोलले नाहीत, फक्त माळ मुठीत धरून बसले. शेवटी एका सिस्टरने ती गळ्यातच ठेवून मागे ओढली, गॉजमध्ये गुंडाळली आणि पाठीवर चिकटपट्टीने बसवली. कुठली होती, कोण होती, पुन्हा दिसली नाही. पंढरपूरला गेले तर तिच्या नावाने पायरीला हात लावीन.

भेटायला येणारे मात्र एकजात म्हणतात, "देव आपल्याच माणसाची परीक्षा बघतो." मी शाळेत शिकवते. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न काढला तर पालक जाब विचारायला येतात. आणि एका मुलाचा पेपर तपासायला दुसऱ्या मुलाचा जीव घ्यायचा, ही कुठली पद्धत? मी हे तोंडावर बोलत नाही, चहा करते.

आज चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं म्हणून गाथा घेऊन गेले होते. मला तुकोबांचा तो अभंग पुन्हा नीट वाचायचा होता, ज्यात त्यांनी आपलीच हकिगत सांगितलीय. १६३० ते ३२ चा तो दुष्काळ. पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, धंद्यात खोट आली, जिवाला लाज वाटू लागली. इथवर मला तोंडपाठ आहे. त्यापुढे माणूस आता काही सांगेल, देवाने असं का केलं, मला त्यातून काय उमगलं, असं वाटतं. तसलं काही नाही. पुढचं वाक्य देवळाचं आहे. देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं मनात आलं. मेलेल्या बायकोनंतर थेट डागडुजी. आणि त्याच्याही पुढे स्वच्छ कबुली, की सुरुवातीला एकादशीला कीर्तन करत होतो, पण अभ्यासात चित्त नव्हतं.

चित्त नव्हतं, आणि कीर्तन चालू होतं! हे मी इतक्यांदा वाचलं आणि दरवेळी पुढे गेले. आपल्याला वाटतं, आधी श्रद्धा घट्ट होते मग माणूस टाळ उचलतो. तुकोबा उलटं सांगतायत. बरं, हेच तुकोबा दुसरीकडे माझ्या लेखी देव मेला असंही म्हणून बसलेत, आणि तो अभंगही गाथेतून कुणी काढला नाही. निष्ठेत एवढं भांडण मावतं म्हणायचं. माझं तर गेली तीन वर्षं भांडणच चाललंय. मी देवासमोर हात जोडत नाही, पण अण्णांच्या बोटांना लागत नाही म्हणून गोपीचंदन मीच उगाळून देते, रोज. आज बाकावर बसून पहिल्यांदाच वाटलं, याला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाहीय.

तिसऱ्या तासाला बीपी खाली गेलं. पाय वर केले, मशीनचा वेग कमी केला. मला आत बोलावलं, तेव्हा अण्णा पांढरेफटक. शेजारच्या बेडवरच्या काकांच्या मोबाइलवर पंढरपूर लाइव्ह चाललं होतं, दर्शनाच्या रांगा दाखवत होते. काकांनी मोबाइल अण्णांच्या बाजूला वळवला. अण्णांनी बघितलं आणि ओठ हलवले. मी वाकून कान दिला. मला वाटलं, नामस्मरण. ते म्हणत होते, "आवाज बारीक करा म्हणावं, पलीकडं कुणी झोपलंय."

जाताना वजन ५४.३ होतं, येताना ५२. घरी आल्यावर थोडी भगर खाल्ली, अर्धी ठेवली. बाटलीत दोन घोट उरले होते, ते रात्रीच्या गोळ्यांना.

झोपण्याआधी हाताची फिस्टुला तपासावी लागते. शीर जोडलीय तिथे रक्ताची थरथर हाताला लागली पाहिजे, ती थांबली तर लगेच पळायचं. कान लावला तर आवाजही येतो. अण्णांना त्यात पखवाज ऐकू येतो, मला मिक्सर. मनगटाच्या वर कान टेकला.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"मिक्सर."

"असू दे," म्हणाले, आणि सुयांचा हात वर राहील अशा बेताने कूस बदलली.