वेगळी आमटी

"तिखटाने अल्सर होत नाही हो काका. पोटात जंतू आहे, १४ दिवस गोळ्या घ्यायच्या."

दुर्बिणीचा रिपोर्ट बघत डॉक्टर सहज बोलून गेले. बाबा हसले. आई मात्र एकदम गप्प.

वीस वर्षं आमच्याकडे दोन आमट्या होतात. बाबांची तिखट घालायच्या आधीच बाजूला काढलेली, कान तुटलेल्या छोट्या पातेल्यात. पाहुणे असोत, गौरी असोत, ते पातेलं चुकलं नाही.

घरी येऊन वाचत बसले. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियात डॉक्टर बॅरी मार्शल सांगत होते, अल्सर याच जंतूने होतो, पण कुणाला पटेना. मग १९८४ मध्ये पठ्ठ्याने ते जंतू स्वतःच प्यायले! काही दिवसांत जठराला सूज. २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल. म्हणजे आमच्या गॅसवर ते पातेलं चढलं, त्याच सुमाराला. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही तरी कुठे विचारलं म्हणा.

रात्री आईने सवयीने पातेलं काढलं, क्षणभर पाहिलं आणि परत मांडणीवर ठेवायला गेली.

"असू दे गं," बाबा म्हणाले. "मला आता तिखट कुठलं झेपतंय?"