मान वर करून

शाळेत ‘वसंत ऋतू’ या विषयावर दर वर्षी निबंध यायचा आणि दर वर्षी मी सृष्टीला हिरवा शालू नेसवायचो. दहापैकी सात गुण ठरलेले. खिडकीबाहेर फाल्गुनातलं गवत वाळून पार पिवळं पडलेलं असायचं, पण तिकडे ना माझं लक्ष, ना बाईंचं.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मार्चमध्ये गेलात तर हिरवा शालू औषधालाही मिळत नाही. पायवाटेवर फुफाटा, मोज्यांत कुसळं, मधूनच वणव्याचा एखादा काळा पट्टा. पावसाळ्यात सोनकी-तेरडा बघायला खाली वाकायची सवय झालेला माणूस इथे हिरमुसतो. आपल्याकडचा वसंत जमिनीवर नसतोच मुळी. तो झाडावर चढून बसतो, आणि तेही पानं झाडून मोकळ्या झालेल्या झाडावर.

गणेरच घ्या. इतर दहा महिने या वेड्यावाकड्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही. आता मात्र एक पान नसलेल्या फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी झळझळीत पिवळी फुलं. याला सोनसावरही म्हणतात. पानं गाळली की पाणी वाचतं आणि फुलं लांबून दिसतात, असा दुहेरी हिशोब. गर्दी मात्र असते ती गिरिपुष्पाखाली. गुलाबी-पांढरे तुरे, फोटोला छान. परवा एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की हेच ते चेरी ब्लॉसम. हे झाड मध्य अमेरिकेतून आलेलं, टेकड्यांवर लावलेलं. माझं त्याच्याशी वैर नाही, पण शेजारी गणेर उभा असताना सगळे कॅमेरे तिकडेच वळावेत, हे मला जरा लागतं.

माझा मुक्काम काटेसावरीखाली. साडेसहाला वर नुसता बाजार भरलेला असतो. साळुंक्या भांडतात, बुलबुल मध्येच तोंड घालतो, कोतवाल सगळ्यांवर डाफरतो, आणि एक खार कुणाला न विचारता फुलात डोकं खुपसून बसते. लांब कुठेतरी तांबटाची टुक्-टुक् एका लयीत चालू. एवढ्यात ‘थप्’ करून एक फूल खाली पडतं. सावरीचं फूल पारिजातकासारखं अलगद वगैरे येत नाही, ओल्या फडक्यासारखं आपटतं. मी उचललं. पाच जाड, मांसल लाल पाकळ्या, देठाशी वाटीसारखं घट्ट आवरण, आत केसरांचे झुबके आणि तळाशी बोटाला चिकटणारा मध. त्यात चार मुंग्या आधीच कामाला लागलेल्या. कर्नाटकात सावरीचा सुकवलेला कळा मसाल्यात घालतात, बिसीबेळे भातात वगैरे, आणि त्याला म्हणतात ‘मराठी मोग्गू’. मोग्गू म्हणजे कळी. नाव आपलं, पण आमच्या घरच्या डब्यात मी तो कधी पाहिला नाही.

“काय हो, मोर दिसला का?” काठी टेकत येणारे एक काका थांबले. टेकडीवर मान वर केलेल्या माणसाला हा एकच प्रश्न विचारतात.

“नाही काका, सावर बघतोय.”

“अच्छा,” म्हणाले आणि मनगटावरची पावलं बघत पुढे गेले. त्यांचे आठ हजार व्हायचे होते.

खरं तर मोरापेक्षा भारी ऐवज त्यांच्या पायापाशीच होता. दगडावर एक सरडा दंड काढत होता. एरवी मातकट असणारा हा प्राणी विणीच्या दिवसांत डोक्यापासून गळ्यापर्यंत लालभडक होतो. चार दंड, मग थांबून इकडेतिकडे बघायचं, परत चार. प्रेक्षक म्हणून समोरच्या झुडपात एक मादी असावी. मला दिसली नाही, त्याला दिसत असणार. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं तसा तो खोडामागे गेला आणि तिथून एक डोळा काढून माझ्याकडे बघत राहिला. मी हललो की तोही सरकायचा, खोड कायम मध्ये. पाच मिनिटं आमचं हे चाललं. हरलो मीच, कारण उतरताना अजूनही वर बघत होतो आणि एका दगडाला ठेच लागून अंगठ्याचं नख गेलं.

घरी येऊन अंगठा धूत होतो तोवर आईने धुवायला टाकलेला माझा शर्ट उचलला.

“खिशात काय कोंबून आणलंस रे? सगळ्या बादलीत मुंग्या!”