तुम्ही विचारलंत म्हणून: पुढच्या ‘एलियन’मध्ये काय असावं?

मला ‘एलियन’ या हॉलिवूडच्या अंतराळ-भयपटमालिकेचे सिनेमे आवडतात हे कळलं की पाच मिनिटांच्या आत हा प्रश्न येतोच. “मग पुढच्या सिनेमात काय व्हायला हवं?” विचारणाऱ्याकडे स्वतःचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं, माझ्याकडून फक्त विषयाला तोंड फोडून हवं असतं. कुणाला नायिका रिप्ली परत हवी असते. कुणाला यंत्रमानव डेव्हिडची अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी करून हवी असते. कुणी म्हणतं, पुरे झालं, आता हे दुकान बंद करा. इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते.

माझं उत्तर असं आहे: मला विचारू नका. मी या सिनेमांची फार जुनी चाहती आहे. मी जे मागत होते ते मला एकदा मिळालेलं आहे, आणि ते बघताना मी थिएटरात चोरासारखी अंग आकसून बसले होते.

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (पुढे बरेच शेवट फुटणार आहेत, तेव्हा जपून.) १९७९ साली रिडली स्कॉटने ‘एलियन’ केला. नॉस्ट्रोमो नावाचं यान दोन कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे निघालंय, त्यावर सात जण. वाटेत कुठूनसा संदेश येतो, करारातल्या कलमाप्रमाणे उतरून बघणं भाग असतं, आणि परतताना यानात एक प्राणी शिरतो. शेवटी एक बाई आणि एक मांजर एवढेच उरतात. १९८६मध्ये जेम्स कॅमेरॉनने त्या बाईला, म्हणजे एलन रिप्लीला, ५७ वर्षांच्या शीतनिद्रेतून उठवलं आणि सैनिकांच्या तुकडीबरोबर पुन्हा तिथेच धाडलं. १९९२मध्ये डेव्हिड फिंचरचा तिसरा आला, १९९७मध्ये जाँ-प्येर जनेचा चौथा. मग प्रेडेटर या दुसऱ्या सिनेमालिकेतल्या परग्रही शिकाऱ्याशी दोन कुस्त्या झाल्या, त्यांच्याबद्दल मी बोलत नसते. मग स्कॉट स्वतःच परतला: २०१२चा ‘प्रॉमिथियस’, २०१७चा ‘कव्हनंट’. २०१९मध्ये हे सिनेमे काढणारा फॉक्स स्टुडिओ डिस्नेच्या ताब्यात गेला. २०२४मध्ये फेडे अल्वारेझचा ‘रोम्युलस’ आणि २०२५मध्ये नोआ हॉलीची ‘एलियन: अर्थ’ ही मालिका.

आता आमच्या घरातलं भांडण.

मी आणि दादाने आधी दुसरा भाग पाहिला, पहिला नंतर. त्यामुळे आमच्यासाठी ही गोष्ट भयकथा म्हणून सुरूच झाली नाही. ती रिप्ली आणि न्यूट या छोट्या मुलीची गोष्ट होती. त्या सिनेमाच्या शेवटी रिप्ली, न्यूट, जखमी सैनिक हिक्स आणि अर्धा फाटलेला यंत्रमानव बिशप असे चौघं शीतनिद्रेत जातात. पुढे या चौघांचं काय होणार याचं अख्खं कथानक दादाने रचून ठेवलं होतं. त्यात हिक्स न्यूटला यान चालवायला शिकवणार होता.

मग आम्ही तिसरा भाग लावला. श्रेयनामावली अजून चालूच असते, यानात आग लागते, त्यांची कुपी एका तुरुंगग्रहावर कोसळते, आणि न्यूट आणि हिक्स मेलेले असतात. दृश्यात मरतही नाहीत, मेलेलेच सापडतात. दादा उठला आणि त्याने सिनेमा बंद केला. तो आजतागायत त्याने पुरा पाहिलेला नाही.

मी दुसऱ्या दिवशी एकटीने पाहिला आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा मनापासून राग केला. राग करायला साथीदार भरपूर होते. खुद्द कॅमेरॉनने त्या मृत्यूंबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. त्या सिनेमाची जन्मकथाही तशीच आहे. आधीच्या एका पटकथेत लाकडी ग्रह होता आणि त्यावर साधू राहत होते. ती बाद झाली, पण सेट उभे राहू लागले होते. पटकथा पुरी नसताना चित्रीकरण सुरू झालं. फिंचरचा तो पहिलाच सिनेमा, वय २८, आणि डोक्यावर स्टुडिओ. पुढे २००३मध्ये त्याची लांब आवृत्ती निघाली तेव्हाही त्याने त्यात हात घातला नाही. म्हणजे दिग्दर्शकालाच जो नको, तो आम्हाला कशाला हवा?

२०१५च्या सुरुवातीला दिग्दर्शक नील ब्लोमकँपने एका नव्या ‘एलियन’ सिनेमाच्या कल्पनेची काही चित्रं लोकांसमोर ठेवली. त्यात वय झालेला, चेहरा भाजलेला हिक्स होता. शेजारी रिप्ली. रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरलाही त्यात रस होता. मी ती चित्रं दादाला पाठवली आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला. दोन प्रौढ माणसं, दोघांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, पण रात्री दीडपर्यंत हिक्स जिवंत असण्याबद्दल बोलत बसलो. तो सिनेमा झाला नाही. स्कॉटचा ‘कव्हनंट’ पुढे निघाला आणि हा मागे पडला. दादाने स्कॉटला मनातून कायमचं उतरवलं. मीही.

तर माझी मागणी काय होती, बघा. जे आवडलं होतं तेच मला पुन्हा हवं होतं, आणि जे खुपलं होतं ते झालंच नाही असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. चाहत्यांचे गट किती का असेनात, मागणी फिरून इथेच येते.

‘रोम्युलस’ पाहायला गेले तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. सुरुवात फार छान होती. जिथे ऊनच पडत नाही अशा खाणवस्तीत रेन नावाची मुलगी राबते आहे. कराराचे तास भरलेत, आता सुटका मागायला ती खिडकीपाशी जाते, आणि कंपनी तासांची अटच वाढवून टाकते. खिडकीपलीकडची बाई कोरड्या सौजन्याने तिला परत पाठवते. प्राण्याचा पत्ता नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि माझ्या पोटात गोळा आला.

मग मागण्या पुरवायला सुरुवात झाली. दुसऱ्या भागातली बंदूक आली. ‘प्रॉमिथियस’मधलं काळं द्रव आलं. चौथ्या भागातल्यासारखं अर्धं माणूस अर्धं काहीतरी असं बाळ आलं. पहिल्या भागातल्या अॅश या यंत्रमानवाचा चेहरा एका नव्या यंत्रमानवाला लावलेला. तो नट, इयन होल्म, २०२०मध्येच वारला होता. कुटुंबाची परवानगी घेतली होती म्हणे, तरी मला त्या चेहऱ्याकडे सरळ बघवेना. आणि मग अँडी हा यंत्रमानव दुसऱ्या भागातलं रिप्लीचं ते प्रसिद्ध वाक्य बोलला. तेच, न्यूटला वाचवताना प्राण्यांच्या राणीला ‘तिच्यापासून दूर हो’ असं बजावतानाचं. थिएटरात टाळ्या पडल्या. माझेही हात वर आले होते, ते अर्ध्यात थांबले. रिप्लीच्या तोंडी ते वाक्य आलं ते एका मुलीपायी पेटून उठल्यामुळे. अँडीच्या तोंडी आलं, कारण मला ते आवडतं हे कुणालातरी ठाऊक होतं.

सिनेमाने जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर कमावले, बजेट ८ कोटींच्या आसपास. म्हणजे हिशेब चोख आहे आणि स्टुडिओची काही चूक नाही. आम्ही मागितलं, त्यांनी दिलं.

घरी आल्यावर मी तिसरा भाग पुन्हा लावला. त्यात खोट भरपूर आहे. मधला अर्धा तास टक्कल केलेली माणसं कोण कोण हेच नीट कळत नाही. पण रिप्ली न्यूटच्या शवविच्छेदनासाठी हट्ट धरते आणि तिथे उभी राहते, ते दृश्य मी पूर्वी रागाने पाहिलं होतं, त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या सिनेमाला मला खूश करायचं नव्हतं. दुसऱ्या भागालाही नव्हतं, हे आम्ही विसरतो. १९८०मध्ये पहिल्या भागाच्या चाहत्यांना विचारलं असतं तर पुन्हा एक यान, पुन्हा काळोख, पुन्हा एकच प्राणी असं उत्तर आलं असतं. सैनिकांची तुकडी आणि शेकडो प्राणी कुणी मागितले असते?

डेव्हिडवाल्यांबद्दल मला सहानुभूती आहे, हे दादाला सांगू नका. ‘कव्हनंट’च्या शेवटी मायकल फासबेंडरचा हा वेडा यंत्रमानव दोन हजार झोपलेल्या वसाहतकऱ्यांचा मालक होऊन बसतो, आणि गोष्ट तिथेच लटकते. ‘प्रॉमिथियस’ने ४० कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला होता, याने २४. पुढचा भाग आलाच नाही. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. पण त्या दोन सिनेमांनी जे नेलं तेही सांगायला हवं.

पहिल्या भागात तिघं जण एका परक्या यानात शिरतात. आत एक अवाढव्य खुर्ची, तिच्यात एक मेलेला चालक, हाडं आणि यंत्र एकमेकांत मिसळलेली, बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराची ती कल्पना. खर्च फार म्हणून तो सेटच गाळायचा विचार चालला होता. सेट आणखी प्रचंड वाटावा म्हणून लहान मुलांना अवकाशवीरांचे पोशाख घालून तिथे चालवलं, त्यात स्कॉटची स्वतःची मुलंही होती. एवढं करून पडद्यावर ते दृश्य किती, तर जेमतेम. तो चालक कोण, कुठला, कुठे निघाला होता, कुणी सांगत नाही. तिघं बघतात आणि पुढे जातात. मी पुढे गेलेच नाही. मी कित्येक वर्षं त्या खुर्चीपाशी उभी होते.

३३ वर्षांनी स्कॉटने उत्तर दिलं. ते हाडांचं नव्हतंच म्हणे, तो पोशाख होता. आत एक गोरापान, उंच, पिळदार माणूस. माणसांचा निर्माता वगैरे. पुढे ‘कव्हनंट’मध्ये प्राणीसुद्धा डेव्हिडने प्रयोगशाळेत घडवल्याचं कळलं. म्हणजे अथांग अंतराळातून आलेली ती गोष्ट शेवटी आपल्याच एका यंत्राने जुळवलेली निघाली. हेही चाहत्यांनीच मागितलं होतं. “तो चालक कोण होता?” हा प्रश्न आम्हीच तीस वर्षं विचारत होतो की.

याउलट ‘एलियन: अर्थ’मधली मेंढी. एक डोळ्यासारखा परजीवी, अनेक बुबुळं असलेला, तो मेंढीचा डोळा उपटून तिथे जाऊन बसतो. मग ती मेंढी काचेपलीकडून बघत राहते, आणि बघताना विचार करतेय हे दिसतं. बस, एवढंच. इतक्या वर्षांच्या वादावादीत कुणी मेंढी मागितल्याचं मला आठवत नाही. त्याच मालिकेत एक मुलगी मूळ प्राण्याशी त्याच्या आवाजात बोलू लागते आणि तो तिचं ऐकतो. त्यावरून चाहत्यांत उभी फूट पडली. मला स्वतःला ते पटलं नाही. पण न पटलेल्या गोष्टीवर मी चार दिवस विचार करत होते. ‘रोम्युलस’मधल्या त्या वाक्यावर विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तरीही काही जण पिच्छा सोडत नाहीत. “बरं, पण एक तरी गोष्ट सांगाच.” मग मी पार्कर आणि ब्रेट यांचं नाव घेते. पहिल्या भागात सगळे झोपेतून उठून जेवायला बसतात तेव्हा हे दोघं बोनसवरून कटकट करत असतात. यानाच्या तळघरात राबणारे मेकॅनिक, वाटा इतरांपेक्षा कमी. संदेश तपासायला जायचं म्हटल्यावर पहिला सवाल त्यांचाच, याचे पैसे मिळणार का? आणि पुढे कळतं की प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील, असा कंपनीचा हुकूम आधीपासूनच होता. प्राणी तर त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो. त्याच्याकडे मी वादळाकडे बघावं तशी बघते. माणसांना वादळात कोण पाठवतं, ती माणसं जेवताना काय बोलत होती, तिथे माझा जीव अडकतो. रेन त्या खिडकीपाशी उभी राहिली तेव्हा तोच धागा पुन्हा हाताला लागला होता. तेव्हा ओळखीचं एकही नाव नको, सहा-सात कामगार द्या, आणि त्यांचं जेवण लांबू द्या.

बघा, मीही मागायला लागलेच.

दादाशी परवा फोनवर हेच बोलणं झालं. तिसऱ्या भागाची शेवटची वीस मिनिटं तरी बघ, असं मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं. तो म्हणाला, “कशाला? ती चौघं झोपलीयेत अजून.” मी विषय बदलला.