तुम्ही विचारलंत म्हणून: वकील आहात, मग कोर्टात कशा दिसत नाही?

लग्नकार्यात असो की लॉ कॉलेजच्या कार्यक्रमात, हा प्रश्न मला ठरलेला. मी कॉपीराइटच्या धोरणावर काम करते. कायदा कोणी मोडला यापेक्षा तो लिहायचा कसा, यात माझा दिवस जातो. सरकार मसुदा काढतं, हरकती-सूचना मागवतं. मग निर्माते, संगीत कंपन्या, लेखक-संगीतकारांच्या संघटना निवेदनं देतात. ती कोणीतरी लिहावी लागतात, ती मी लिहिते. फी देणारा कोण हे पाहूनच लिहावी लागतात, हेही सांगून टाकते.

यात एवढं काय असतं? सिनेमाच्या करारातलं हे नेहमीचं कलम बघा: गीताचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, अखिल विश्वात, आज असलेल्या आणि पुढे शोध लागेल अशा प्रत्येक माध्यमासाठी निर्मात्याकडे. अखिल विश्वात! उद्या मंगळावर गाणं वाजलं तरी गीतकाराचा संबंध नाही. नवखा गीतकार हे वाचत नाही, आणि वाचलं तरी ‘हे खोडा’ म्हणायची त्याची प्राज्ञा नसते. गंमत म्हणजे हाच माणूस व्यावसायिक रंगभूमीसाठी नाटक लिहितो तेव्हा दर प्रयोगामागे मानधन घेतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

१९७७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता. त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी तळटीप जोडली: आपला कायदा गायकाच्या पदरात काहीच टाकत नाही, संसदेने बघावं. कलाकारांच्या हक्कांसाठी १९९४ उजाडलं आणि गीतकार-संगीतकारांसाठी २०१२. तेव्हा जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यामुळे गीतकारांची बाजू सभागृहात मांडायला एक गीतकारच होता.

२०१२च्या त्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ला परंतुकं, म्हणजे ‘पण अमुक चालणार नाही’ अशा अटी, जोडली. त्यातलं एक माझ्या मते अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं आहे. थिएटरात सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढं सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो, बस. करारावर सही केली तरी तो हक्क सुटत नाही. ‘दोघांच्या राजीखुशीच्या करारात कायद्याने नाक का खुपसावं?’ असं पलीकडच्या बाजूचे वकील विचारतात. खुपसावंच लागतं. कामगाराने ‘मला नको’ म्हटलं म्हणून किमान वेतन रद्द होतं का?

पण परंतुक पैसे घरपोच करत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासद व्हावं लागतं, गाणं नोंदवावं लागतं, दोघांनी मिळून लिहिलं असेल तर कोणाचा किती टक्के वाटा ते लिहावं लागतं. या कंटाळवाण्या कामाबद्दल सांगण्यातच माझा बराचसा घसा कोरडा पडतो.

वरातीतल्या गाण्यांचं लायसन लागतं का, हा दुसरा हमखास प्रश्न. कलम ५२मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे आणि त्यात वरात व लग्नाशी निगडित समारंभही धरले आहेत. मग लग्नानिमित्त हॉटेलात ठेवलेल्या संगीत-संध्येचं काय? गोवा सरकारने २०२४च्या जानेवारीत परिपत्रक काढून सूट असल्याचं सांगितलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्टमध्ये रद्द केलं. परिपत्रकाने कायदा ताणता येत नाही. संदिग्ध कलम संसदेनेच नीट करायला हवं, आणि तोवर हॉलवाले नि नवरीचे वडील भांडत राहणार.

सध्या टेबलावर एआय आहे. कॉपीराइटचं काम बघणाऱ्या केंद्राच्या डीपीआयआयटी या विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५मध्ये सुचवलं की एआयच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना असावा. मालकाला रॉयल्टी मिळेल, पण नकार देता येणार नाही. मला हे पटत नाही. नकारच देता येत नसेल तर भाव करायला लेखकाच्या हातात काय उरतं? आणि उद्या ती रॉयल्टी वाटायची म्हटलं तरी कोणती कृती कोणाची याची नोंद लागणारच. आपल्या पुस्तकाचा करारसुद्धा जपून न ठेवलेले मराठी लेखक मला सारखे भेटतात.