हातमोज्यांची पिशवी

रविवार, ७ सप्टेंबर २०२५, रात्रीचे साडेअकरा

सगळी बिल्डिंग ग्रहण बघायला गच्चीवर गेलीय. मी पलंगावर आडवी. कंबरेचा पार भुगा झालाय.

सकाळी कॉलेजच्या एनएसएसतर्फे (राष्ट्रीय सेवा योजना) दादर चौपाटीवर विसर्जनानंतरची सफाई होती. पौर्णिमा, म्हणजे भरती दुपारी बाराच्या सुमारास. म्हणून सहालाच ओहोटीत उतरलो. पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिस) मूर्ती काही विरघळत नाहीत. हात, सोंड, मुकुटाचे तुकडे लाटा परत आणून टाकतात. ते वेगळे, निर्माल्य वेगळं, थर्माकोल वेगळं. चाळीस जण, तीन गट. सगळं डोक्यात पक्कं होतं. घोळ एवढाच, की ते फक्त माझ्याच डोक्यात होतं.

हातमोजे माझ्या पिशवीत, हजेरीची वही माझ्याकडे, पीओ (प्रोग्रॅम ऑफिसर) मॅडमचे फोनही मलाच. मूर्तींच्या गटाकडे डोकावायला गेले आणि तिथेच फावडं घेऊन बसले, कारण ती मुलं गोण्या धड भरत नव्हती. (भरत होती. माझ्यासारख्या भरत नव्हती.) पाऊण तासाने परतले तर एफवायची (पहिल्या वर्षाची) एक मुलगी रिकामी गोणी धरून तशीच उभी.

"ताई, हातमोजे तुझ्या पिशवीत होते ना, म्हणून थांबले."

हाक का नाही मारलीस, विचारलं. म्हणाली, "तू कामात होतीस." आवाजात तक्रार अजिबात नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं.

एक मात्र मला जमतं, माझं लक्ष असतं. काचेने कापलेला अंगठा मुठीत लपवून काम रेटणारा मुलगा मला लांबून दिसला. त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पिटाळलं. टिटवाळ्याहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या दोघांना आधी चहा पाजला. हे कुणी शिकवलेलं नाही, घरी आजीचं बघून आलंय.

"तू आहेस म्हणून टेन्शन नाही," असं सगळे म्हणतात. वर्षभर ते ऐकून फुगत होते. आज वाटलं, टेन्शन नाही म्हणजे कुणाला कसला पत्ताच नाही! एनएसएसचे दोन वर्षांचे माझे २४० तास मार्चपर्यंत भरतील. त्यानंतर हातमोजे कुठे ठेवलेत, हे विचारायला मला फोन करणार का?

आत्ताच त्या मुलीला मेसेज केला: पुढच्या वेळी पिशवी आणि वही तुझ्याकडे. खाली तीन सूचना लिहिल्या. दोन पुसल्या.