टाच नसलेला मोजा

समोरच्या गॅलरीतल्या दोरीवर ते मोजे पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं, पाण्याच्या बाटलीच्या खोळी असाव्यात. पांढरे, जाडसर, चांगले हातभर लांब, एका टोकाला निमुळते. टाचच नाही. बायकोचं मत फिल्टर कॉफीच्या गाळणीकडे झुकत होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याच्या दोरीवर काय वाळतंय याची चर्चा करणं असभ्य मानत नाहीत, फक्त ती हळू आवाजात करायची असते. पण पाच-पाच, सहा-सहा गाळण्या रोज कोण धुतं?

उलगडा झाला तो पाणीकपातीच्या मीटिंगला. मीटिंग आमच्याकडे होती. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला, आणि समोरचे काका दारात थबकलेले. सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, आता मुलाकडे राहायला आलेले. मी सवयीनं म्हणालो, "या ना काका, चपला तिथंच राहू द्या." ते म्हणाले, "बूट काढला तर पडंन मी. चालंल का आत आलो तर?" आणि पँटचा पायचा दोन बोटं वर केला. आत कातडीच्या रंगाचं, पण कातडीसारखं न दिसणारं काहीतरी होतं. मी इतका ओशाळलो की "हो हो, या या" असं चार वेळा म्हणालो.

पुढे ओळख वाढली तसं कळत गेलं. गुडघ्याखाली पाय कापला की जो भाग उरतो त्याला ही माणसं स्टंप म्हणतात. तो सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ खोबणीत बसतो, आणि सॉकेट टोचू नये म्हणून मध्ये हा मोजा. टाच नाही, कारण टाचेची गरजच राहिलेली नाही. खरी गंमत म्हणजे स्टंप दिवसभर एका मापाचा राहत नाही. सकाळी भरलेला असतो, दिवस कलला की आक्रसतो. मग सॉकेट ढिलं होतं, पाय आत खेळायला लागतो आणि कातडी सोलते. त्यावर उपाय म्हणजे आणखी एक मोजा चढवायचा. काका सकाळी एका मोज्यावर बाहेर पडतात आणि संध्याकाळी तिनांवर परततात. दोरीवरच्या मोज्यांवरून काकी अचूक सांगतात, "आज लई हिंडलेत."

बुटाचंही शास्त्र आहे. काकांचा पाय बसवताना त्या बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला. बूट काढला की सगळा तोल बिघडतो. म्हणजे देवळात अडचण, लग्नाच्या पंगतीत अडचण आणि आमच्यासारख्यांच्या उंबऱ्यावर तर हमखास अडचण. जयपूर फूटचं मोठेपण मला तेव्हा कळलं. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रबराचं ते पाऊल घडवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, मांडी घालणारा माणूस होता. विलायती पाऊल बूट घालणाऱ्यासाठी होतं आणि हे चिखलात उतरणाऱ्यासाठी.

काकांचा पहिला पाय मात्र पुण्यातला, वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधला. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली सुरू झालेली ही संस्था. मी कितीतरी वेळा तिच्या जवळून रिक्षाने गेलोय. डोक्यात विचार एवढाच, की मीटर बरोबर पळतोय ना.

एकदा सॉकेटचा पट्टा आवळता आवळता काका म्हणाले, "आमच्या रेजिमेंटचं एक जनरलसाब होतं. एकाच पायावर वरपर्यंत गेलं." मला वाटलं, पलटणीतली दंतकथा असेल. फौजी माणसाच्या गोष्टीतून चार आणे वजा करायचे, हा आपला नागरी नियम. पण इथे वजा करायला काहीच नव्हतं. लेफ्टनंट जनरल विजय ओबेरॉय, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १९६५च्या युद्धात पाय गेला तेव्हा ते तरुण कॅप्टन होते. २००१ मध्ये निवृत्त झाले ते लष्कराचे उपप्रमुख म्हणून. मधली ३६ वर्षं त्यांनी वर्दीत काढली.

यातला 'लाइट इन्फंट्री' हा शब्द मला विशेष वाटतो. आपल्या लेखी ते नुसतं नाव, पण लाइट इन्फंट्री म्हणजे परंपरेनं भरभर चालणारं पायदळ. साधी पलटण मिनिटाला १२० पावलं टाकते, तर हे १४०. पाय गमावून परत जायचं तेही अशा लोकांत, ज्यांचा सारा अभिमान चालण्याच्या वेगात साठवलेला! तोफखान्यात गेले असते तर निदान गाडी मिळाली असती, असं मी काकांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

सैन्यात जखमी माणसासाठी 'लो मेडिकल कॅटेगरी', म्हणजे तब्येतीची खालची श्रेणी, असा शब्द आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'बोर्ड आऊट', म्हणजे डॉक्टरांच्या बोर्डाने नोकरीला नालायक ठरवून घरी पाठवणं. यातून वाट काढत वर गेलेले ओबेरॉय एकटे नाहीत. मुंबईत जन्मलेले, गुरखा पलटणीतले अधिकारी इयान कार्डोझो यांचा पाय १९७१ च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लढाईत सुरुंगावर पडला आणि चिरडलेला पाय त्यांनी स्वतःच खुकरीने कापला, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. ते पुढे बटालियन आणि ब्रिगेडचे प्रमुख झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याला खुकरीचा एक क्षण पुरतो. नंतरच्या वीस वर्षांतला मोज्यांचा हिशेब कोण ठेवतो?

म्हणूनच ओबेरॉय यांच्या कारकिर्दीतलं मला सगळ्यांत आवडतं ते निवृत्तीनंतरचं पान. निवृत्त जनरल काय काय करू शकतो हे आपण रोज बघतो. गोल्फ खेळतो, किंवा टीव्हीवर रात्री नऊ वाजता सीमेपलीकडच्या माणसाशी भांडतो. ओबेरॉय यांनी २००२ मध्ये युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी वॉर वुंडेड फाउंडेशन उभं केलं आणि त्याचं अध्यक्षपद घेतलं. ज्याला त्याच्याच सैन्याने लेफ्टनंट जनरल केलं, त्याने बोर्ड आऊट झालेल्या जवानांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, हे मला पदकाहून मोठं वाटतं. कारण पाय दोघांचाही गेला तरी पुढचा रस्ता सारखा नसतो. अधिकाऱ्याला टेबल मिळू शकतं, त्याला अर्ज लिहिता येतो, फोन लावला तर समोरचा उचलतो. पंचविशीतला शिपाई गावी परततो तिथे उसाचं रान, चिखल आणि पायाचा तुटलेला पट्टा. तो दुरुस्त करायला दोन एसट्या बदलून जायचं. त्याला दया पुष्कळ मिळते. नियम ठाऊक असलेला आणि आपल्यासारखाच लंगडणारा माणूस मिळणं अवघड.

त्याच १९६५च्या युद्धात आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकरही गोळ्या लागून जायबंदी झाले होते. ते ईएमईमधले, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातले जवान. त्यांनी पोहायला सुरुवात केली आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पोहायला ३७.३३ सेकंद आणि लक्षात यायला ४६ वर्षं! लष्करानेही तेच २०१८ साल कर्तव्यावर अपंगत्व आलेल्या सैनिकांचं वर्ष म्हणून पाळलं. आपली नागरिकांची ओळख मात्र ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत टाचणीने खिशाला लावलेल्या कागदी झेंड्यापुरती. मी तो दुपारच्या सुट्टीपर्यंत हरवत असे.

मध्यंतरी काकांबरोबर एका कार्यालयात जाण्याचा योग आला. फॉर्मवर रकाना होता : अपंगत्व कायमस्वरूपी की तात्पुरते? काकांनी 'कायमस्वरूपी' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "याचा यंदाचा दाखला?" काका म्हणाले, "गेल्या वर्षी दिलाय. तेव्हापासनं उगवला नाही." मागच्या रांगेत हशा पिकला, खिडकीतला माणूसही हसला. दाखला मात्र लागलाच.

परतताना काका कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली चांभारदादांपाशी थांबले. चांगल्या पायाचा बूट पुढे झिजला होता. सगळा भार त्याच्यावरच येतो ना. मोज्यांचं एक बरं असतं, काका सांगत होते, त्यांना डावं-उजवं नसतं, गाडीच्या टायरसारखे आलटून-पालटून घालता येतात, बुटांना ती सोय नाही. त्यांनी एकच बूट काढून दिला आणि मोज्यातला पाय वर्तमानपत्रावर ठेवून स्टुलावर बसले. दुसरा पाय बुटासकट तसाच पुढे पसरलेला.

दादांनी तळवा घासायला घेतला आणि म्हणाले, "तोही द्या की. जोडीनं करून देतो, एकसारखं दिसंल."

काकांनी त्या बुटाकडे एकवार पाहिलं. "राहू द्या. त्याची अजून सर्विस बाकी हाय."